घोट्यावरचं नाव

इंद्रभान भित्रा होता, असं अमडापुरात अजूनही म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातं! ज्याच्यावर कधी भ्यायची पाळी आली नाही, त्याला दुसऱ्याचं भेव म्हणजे खोडच वाटते. आधी मोज्यांची गोष्ट पुरती ऐकावी, मग काय म्हणायचं ते खुशाल म्हणावं.

त्याचा बाप कचरू. रंगरावांची तेलाची मिल उभी राहिली तेव्हा तिच्या पायातली माती त्यानंच डोक्यावरून वाहिली होती. छप्पन साली कचरू नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला, आणि आल्या दिवशी देव्हाऱ्यातले टाक टोपलीत भरून नदीत सोडून मोकळा झाला. बायको रडायला लागली, तर म्हणाला, आता पोराला शिकवू, रडतेस काय. पोरगं शिकलं. बुलढाण्याच्या बोर्डिंगात राहून, मागून आणलेल्या पुस्तकांवर मॅट्रिक झालं, आणि ज्या मिलीची माती बापानं वाहिली तिच्याच हापिसात कारकून म्हणून खुर्चीवर बसलं. बौद्धवाड्यातला खुर्चीवर बसलेला तो पहिला माणूस. कचरू येता-जाता फाटकापाशी थांबायचा, खिडकीतून पोराची पाठ दिसते का बघायचा आणि पुढं जायचा. आत कधी गेला नाही.

पण नोकरी कच्ची होती. दोन वर्षं झाली, रंगराव नुसते ‘करू पक्की’ म्हणत होते. इंद्रभान सगळ्यांच्या आधी यायचा, सगळ्यांच्या नंतर जायचा. हापिसात पिण्याच्या पाण्याचा माठ होता, त्याला हात लावायचा नाही, घरून तांब्या आणायचा. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं. कुणावर सांगायची पाळी येऊ नये, म्हणूनच तो आणत होता.

चौसष्ट सालची दिवाळी जवळ आली आणि रंगरावांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. मिलीचं तेल घेणाऱ्या दुकानदारांना, बुलढाण्याच्या साहेबलोकांना दरसाल क्यालेंडर जायचं. यंदा क्यालेंडर नको, असं त्यांनी ठरवलं. क्यालेंडर काय, भिंतीवर लटकतं आणि वरून पाल फिरते. माणसाबरोबर हिंडेल अशी वस्तू पाहिजे, आणि तिच्यावर मिलीचं नाव पाहिजे. वस्तू पसंत करायचं काम त्यांनी इंद्रभानवर टाकलं. तू शिकलेला, तुला शहरातल्या लोकांचं कळतं, असं चारचौघांत म्हणाले, आणि हे काम नीट झालं तर पाडव्याला तुझं पक्कं करून टाकू, हेही म्हणाले. इंद्रभानला आनंद व्हायला पाहिजे होता. काम बिघडलं तर काय, हेच त्याच्या मनात आधी आलं.

एसटीनं तो अकोल्याला गेला. होजिअरीवाल्यानं गादीवर माल पसरला. टॉवेल, रुमाल, बनियन, मफलर. टॉवेलवरचं नाव चार धुण्यांत जाईल. रुमालाला लोक नाक पुसतील, आणि मालकाच्या नावाला नाक पुसलं म्हणून आपल्यालाच बोल लागेल. बघा, इतका विचार केला बिचाऱ्यानं! मग दुकानदारानं मोजे काढले. राखी रंगाचे, वर लाल पट्टी, जाड सुताचे. इंद्रभाननं त्यात हात घातला आणि तिथंच त्याचं ठरलं. बुलढाण्याची थंडी त्यानं बोर्डिंगात चार हिवाळे अनवाणी काढली होती. टाचांच्या भेगांत मेण भरून तो वर्गात बसायचा, आणि पुढच्या बाकावर डॉक्टरच्या पोराच्या पायात मोजे असायचे. साहेबलोकांना देण्यासारखी याहून चांगली वस्तू जगात असेल, असं त्याला वाटेना.

नाव घोट्यावर छापून मिळणार होतं, पांढऱ्या अक्षरांत. त्यानं कागदावर पायाचं चित्र काढलं, त्यावर मिलीचं नाव लिहिलं आणि अमडापूरला येऊन रंगरावांपुढं ठेवलं. रंगरावांनी कागद लांब धरून बघितला आणि अक्षर मोठं करायला सांगितलं, दुरून ठसठशीत दिसलं पाहिजे म्हणाले. इंद्रभाननं मोठं केलं. त्यांनी मान हलवली. तीनशे जोडांची मागणी गेली.

दिवाळीला आठ दिवस राहिले तेव्हा गठ्ठा एसटीच्या टपावरून उतरला. रंगराव चिखलीला निघायच्या घाईत होते. त्यांनी गठ्ठ्याच्या फाटक्या कोपऱ्यातून कागदात गुंडाळलेला एक जोड ओढला, न उघडताच घरकामाच्या पोरीच्या हातात दिला, आईचे पाय गार पडतात, तिच्या पायात घाल म्हणून सांगितलं आणि गेले ते मुक्कामाला गेले.

दुपारी इंद्रभाननं गठ्ठा सोडला आणि टेबलावर मोजे ओळीनं लावले. छपाई अशी नामी झाली होती की त्याला स्वतःचाच अभिमान वाटला. तेवढ्यात काट्यावर माल मोजणारा गुलाबराव आत आला. त्यानं एक मोजा उचलला, घोट्यापाशी बघितलं आणि जपून खाली ठेवला.

"इंद्रभान," तो म्हणाला, "अन्नपूर्णा पायात घालाची का आता?"

इंद्रभाननं मोज्याकडं बघितलं. ‘अन्नपूर्णा ऑईल मिल, अमडापूर.’ दोन वर्षं तो हे नाव दिवसातून शंभरदा लिहीत होता. डब्यावर, पावतीवर, टपालावर. लिहून लिहून ते नाव त्याच्या लेखी फक्त मिल होऊन बसलं होतं. अन्नपूर्णा म्हणजे देवी, जिच्या नावानं गावातल्या बाया पहिला घास बाजूला ठेवतात, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण त्याच्या घरातून देव जाऊन आठ वर्षं झाली होती, ते ध्यान राहिलं नाही. आणि दुसरी गोष्ट तर याहून वाईट होती. अन्नपूर्णाबाई हे रंगरावांच्या आईचं नाव. नवरा गेल्यावर त्या बाईनं एका बैलाच्या घाण्यावर संसार ओढला, म्हणून लेकानं मिलीला तिचं नाव दिलेलं. देवीचं नाव आणि मालकाच्या आईचं नाव, दोन्ही त्यानं तीनशे माणसांच्या पायात घातलं होतं.

"तुमचं बरं हाय," गुलाबराव हसत म्हणाला. "तुमी देव सोडले." आणि पान खायला एसटी स्टँडाकडं निघून गेला. तिथं गावातलं निम्मं बोलणं होतं.

नोकरी जाईल, हे इंद्रभानच्या मनात पहिलं आलं. मग त्याच्या पुढचं यायला लागलं. चूक झाली असं कोण म्हणेल? मुद्दाम केलं म्हणतील. नवे बौद्ध झाले, आता आमच्या देवीला पायात घालतात, म्हणतील. मग एकट्या इंद्रभानची गोष्ट राहणार नाही. वाड्यातल्या बाया कुणाच्या वावरात जातात? पाणी कुणाच्या विहिरीवरून येतं? शेजारच्या एका गावात पोळ्याला बैल कुठून न्यायचे यावरून नुसती बोलाचाली झाली, तर वाड्याचं पाणी महिनाभर बंद होतं. इथं तर देवी होती.

बाकीचे जोड कपाटात कोंबून, एक धोतराच्या सोग्यात लपवून तो घरी आला. बायको कलाबाई मोठी धीराची. तिनं ऐकलं, मोजे घेतले आणि धुण्याच्या सोड्यात उकळायला टाकले. तासाभरानं काढले तर राखी रंग उतरला होता आणि अक्षरं आणखीच उठून दिसायला लागली होती. तिनं दगडावर घासले, राखेनं घासले. अक्षर हलेना. मग मात्र तीही घाबरली. तिनं लेकरांना आत घेतलं आणि दाराला कडी घातली. टोपलीभर देव एका दमात नदीत सोडणारा कचरू उंबऱ्यापाशी काठी घेऊन बसला, आणि मी त्या खुर्चीकडं रोज बघत होतो, माझीच दीठ लागली, असं काहीबाही बोलत राहिला.

सकाळी कलाबाईनंच रस्ता सुचवला. गुलाबरावचं बोलणं फिरत फिरत मालकाच्या घरात जायच्या आधी तू जा. म्हातारीच्या पायावर डोकं ठेव. ती घाणा ओढलेली बाई आहे, तिला माणूस कळतं. इंद्रभान निघाला. वाटेत पानवाल्याच्या ठेल्यापाशी चार माणसं बोलत होती, ती त्याला बघून गप्प झाली. की नेहमीच होतात? त्याला आठवेना.

मिलीच्या मागं रंगरावांचं सिमेंटचं नवं घर. अन्नपूर्णाबाई अंगणात बाजेवर ऊन खात बसल्या होत्या. पायात राखी मोजे. इंद्रभान चपला फाटकाबाहेर काढून लांबच उभा राहिला.

त्यांनीच त्याला जवळ बोलावलं. मोजे लई गरम आहेत म्हणाल्या, पहिल्यांदाच रात्री पाय दुखले नाहीत म्हणाल्या, तूच पसंत केले म्हणे. मग पाय थोडा पुढं केला.

"इथं काय लिहेल हाय रे? मले वाचता येत नाही अन् पोरीलेबी येत नाही. वाच बरं."

खोटं बोलता आलं असतं. मोज्याचा मार्का आहे, मोजे करणाऱ्या कंपनीचं नाव आहे, काहीही. ते त्याच्या ओठांवर आलंही. पण ज्या बाईला वाचता येत नाही तिला लिहिलेलं खोटं वाचून दाखवायचं, हे त्याच्यानं होईना. त्याची आईही अशीच त्याच्याकडून पत्रं वाचून घ्यायची. त्यानं वाचलं. वाचताना त्याचा आवाज इतका कापला की दुसऱ्यांदा वाचावं लागलं.

अन्नपूर्णाबाईंनी वाकून दोन्ही मोजे हळूच काढले, कुणाला चुकून पाय लागला की करतात तसा हात लावून कपाळाला नेला, आणि मांडीवर घेतले. स्वतःच्याच नावाला नमस्कार घातला म्हातारीनं. मग विचारलं, रंग्यानं हे बघितलं नव्हतं का? इंद्रभान खाली बघत राहिला. त्या समजल्या. लेक त्यांचाच होता.

फाटक वाजलं. रंगराव आले, चेहरा लाल, मागं गुलाबराव. स्टँडावर उतरल्या उतरल्या त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी इंद्रभानला बघितलं आणि सुरूच केलं. याच्यासाठी खुर्ची दिली का, माझ्या आईला पायात घातलं, लोकांना तोंड कसं दाखवू. शेवटी म्हणाले, "हे तू मुद्दाम केलं."

तेच शब्द. ज्याला तो आदल्या दुपारपासून भीत होता, तेच. फाटकाबाहेर दोन-तीन माणसं येऊन उभी राहिली होती.

अन्नपूर्णाबाईंनी हात वर केला. रंगराव गप्प झाले.

"थांब बे रंग्या," त्या म्हणाल्या. "इंद्रभान, तू भेऊ नको. मी इथंच बसेल हाय. हे लिहेल पसंत कोनं केलं, खरं सांग."

आता बघा. खरं त्याच्या हातात होतं. नाव मोठं घे म्हणणारा मालक समोर उभा होता, आणि मालकाची आई स्वतः म्हणत होती, सांग. चूक दोघांनी मिळून केली होती, देव मानणाऱ्यानं आणि न मानणाऱ्यानं, दोघांच्या सारखीच नजरेआड गेली होती. पण भ्यायचं मात्र एकट्यानं होतं, हा कुठला न्याय! इंद्रभाननं रंगरावांकडं बघितलं. रंगरावांच्या डोळ्यांतही तेव्हा भेव होतं, ते त्याला दिसलं. मग त्यानं फाटकाकडं बघितलं.

"म्या केलं, माय," तो म्हणाला. "मालकानं पाह्यलं नोतं. चुकी माहीच हाय."

रंगरावांनी श्वास सोडला. राग बघता बघता उतरला. आवाज असा मऊ झाला की ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी. जाऊ दे म्हणाले, माणसाच्याच हातून चूक होते, पोरगं इमानदार आहे, कबूल तरी केलं. गुलाबरावला मोजे भट्टीत घालायला सांगितले, फाटकावरच्या माणसांना हाकललं, आणि जाता जाता इंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, पाडव्याला ये, तुझं पक्कं करतो. बोलल्याप्रमाणं केलंही. इंद्रभान त्या खुर्चीवर पुढं एकवीस वर्षं बसला. वाड्यातल्या कुणाचं पाणी बंद झालं नाही.

सगळे गेल्यावर तो पाया पडायला वाकला. अन्नपूर्णाबाईंनी पाय मागं घेतले.

"मी तुह्या बाजूनं होती ना रे?" त्या म्हणाल्या. "तरी काऊन भेला?"

"बाजूनं होत्या, माय," इंद्रभान म्हणाला. "पन तुमी घरात जासान. मले या फाटकातून बाहीर जा लागते."