खदानीची वाट

पडेगावच्या माळावर सावली नाही, वारा मात्र आहे. त्या वाऱ्यात सरूबाईनं चाळीस वर्षं मेंढरं राखली. २०१३च्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या आणि जनावरांना एकच पाणी उरलं, जुन्या खदानीतलं. तिथं जाणारी मेंढरांची वाट प्लॉटवाल्यांनी चुन्याच्या पांढऱ्या फक्कीनं प्लॉट आखून अडवायला घेतली होती. वाट कुठल्याच कागदावर नव्हती. ती गेली की सरूबाईची साठ मेंढरं गेली.

अशात शहरातून संशोधक मंडळी आली. दुष्काळ समजून घ्यायला आली, पण बाटलीबंद पाण्याची खोकी घेऊन आणि डोक्यावरची टोपी घडीभरही न काढता.

“आम्ही शिकवायला नाही, शिकायला आलोय,” त्यांच्यातल्या मोनिका मॅडम म्हणाल्या. “गावाचा नकाशा तुम्हीच काढायचा. तो तुमचाच.”

रांगोळी, हळद, राख मांडली. बाया लाजून मागं सरल्या. सरूबाई पुढं झाली आणि राखेनं वाट ओढत गेली. बाभळीपासून निघाली, म्हसोबाला वळसा घातला, खदानीपाशी थांबली. जिथं मेंढरं दम खातात, तिथं तिचाही हात थांबत होता. मंडळींनी फोटो काढले, नकाशा कागदावर उतरवला.

“बाई, कागद मला द्या. तहसीलात दाखविते.”

“पक्का करून आणून देतो ना, मावशी.”

“प्लॉटवाले हद्दीचे दगड रोवायच्या आत या मंग.”

दोन महिने कोणी फिरकलं नाही. माळावर दगड आले, तशी सरूबाई विचारत विचारत शहरातल्या त्यांच्या कार्यालयात गेली.

नकाशा भिंतीवर होता, काचेत. बाभूळ होती, म्हसोबा होता, खदान तर सुरेख निळी. वाटेच्या जागी एक चौकट होती.

“हितं काय लिव्हलंय?”

“आमच्या टीमची, सातही जणांची नावं, मावशी. तिथंच जागा होती.”

“अन् माझी वाट?”

“ती राखेची रेघ? फार गिचमिड दिसत होती.”

“सातजण वाटंवर बसलात. मेंढरानं जावं कुठून?”

मॅडमना हे फार आवडलं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

“एक प्रत देऊ का?”

“नगं. हे आमचं गाव नाय.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं मेंढरं सोडली. रोवलेल्या दगडांमधून, फक्कीच्या रेघांवरून साठही गेली. बाभळीपासून खदानीपर्यंत पांढऱ्या खुरांची वाट उमटली.