आक्काचा काढा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायको असती तर तिला सांगितलं असतं कदाचित, पण लग्नच केलं नाही. देवाला सांगावं, तर देवळातला गुरव माझ्या वर्गातला, कान टवकारून बसणार. म्हणून तुला सांगतो. तू काही आमच्या तोंडवलीत राहत नाहीस, माझ्या भाच्याला ओळखत नाहीस. बरं आहे ते.

आधी त्या पेयाचं सांगतो. मुद्द्यावर यायला मी वेळ लावतो — जहाजावरही त्यावरून शिव्या खाल्ल्यात. प्रवासी जहाजांच्या बारमध्ये माझा जन्म गेला. तिथल्या एका म्हाताऱ्या इटालियन वाढप्याने मला किनातो दाखवला. म्हणजे काय, तर तांबडी वाइन, आणि तिच्यात सिंकोनाची साल मुरवलेली — हो, क्विनाईनची तीच — शिवाय दालचिनी, वेलची, लवंग, कसली कसली मुळं. गोड लागतो म्हणेपर्यंत मागून कडू येतो आणि जिभेवर राहतो. जेवण झाल्यावर घ्यायचा, एवढ्याशा प्याल्यात. बर्फ नाही, पाणी नाही, घाई तर नाहीच. ते लोक त्याच्याबरोबर काळं चॉकलेट खातात. मी आपलं मालवणी खाजं खातो, आल्या-गुळाचं. म्हाताऱ्याला एकदा गावाहून आणलेलं खाजं दिलं, तर तो डोळे मिटून बसला आणि मग दुसरं मागितलं.

निवृत्त होऊन घरी आलो, तरी सवय सुटली नाही. जहाजावरचा एक सोबती गोव्यात असतो, तो अधूनमधून बाटली पाठवायचा. साडेसातला जेवणं उरकली की मी ओटीवर बसायचो, प्याला आणि खाज्याचे चार तुकडे घेऊन. खरं सांगू? आयुष्यात मला त्या अर्ध्या तासाइतकं काहीच आवडलं नाही.

आता आक्का. माझी थोरली बहीण. नवरा दारू पिऊन पिऊन गेला, यकृत सडून, चाळिशीच्या आत. तिचा दिगू तेव्हा रांगत होता. पोराला घेऊन ती माहेरी आली आणि मी समुद्रावर असताना हे घर तिनेच उभं ठेवलं. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला तिने तुळशीची माळ घातली. मालवणच्या किनाऱ्यावर राहून मासे सोडले तिने! तुला कळतंय ना मी काय सांगतोय? माझ्यासाठी बांगड्याचं तिखलं रांधायची, मीठ बघायला मला हाक मारायची, आणि स्वतः वरणभात जेवायची. आणि दारू — तो शब्दसुद्धा तिच्यासमोर काढायची सोय नव्हती.

मग मी तिच्यासमोर ओटीवर बसून काय पीत होतो? तेच तर. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "काय पितंस रे?" आणि मी म्हटलं, "काढो. जेवाण जिरता."

वेळ मारून नेली, एवढंच. पण तिने हात पुढे केला. तिला जेवणानंतर पोट फुगायचं, ओवा खाऊन कंटाळली होती. "माका दी बघू घोटभर." त्या क्षणी प्याला मागे घ्यायला काय झालं होतं मला? मी दिला. तिने तोंड वेडंवाकडं केलं, ओठ पुसले. म्हणाली, "कडू आसा, पण बरो लागता."

झालं. दुसऱ्या दिवसापासून तिचा वेगळा प्याला. सहा वर्षं! मी विसरलो तर ओटीवरून हाक यायची, "आजचो काढो इसारलंस काय रे?" माळ गळ्यात, खाज्याचा तुकडा हातात, आणि मला गावातल्या गजाली सांगायची. मी स्वतःची समजूत घालायचो, की पूर्वी तिकडे इटलीत हा औषधाच्या दुकानात मिळायचा. खरंच मिळायचा. पण माळकरणीला मी वाइन पाजत होतो, हेही खरंच होतं की नाही?

तुला वाटेल, हीच ती गोष्ट. नाही. एवढीच असती तर मी केव्हाच चार लोकांत हसत सांगून टाकली असती.

दिगू चोविशीत पर्यटकांची होडी चालवायचा आणि प्यायला लागला. बापाचीच वाट. एका संध्याकाळी आम्ही दोघं प्याले घेऊन बसलो होतो आणि तो झुलत खळ्यात, म्हणजे पुढल्या अंगणात आला. आक्का उठली. हातातला प्याला तसाच. "दारू पिऊन ह्या खळ्यात पाय ठेवचो नाय," म्हणाली, "सोडशीत तेव्हा तोंड दाखव." तो तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी मूग गिळून गप्प. बोललो असतो तर पहिला मीच उघडा पडलो असतो. दिगू त्याच पावली निघाला आणि रत्नागिरीला बर्फाच्या कारखान्यात लागला.

आणि ऐक — त्याने सोडली. दोन वर्षं थेंब नाही. फोन करायचा, आक्का बोलायची नाही, पण माझ्या शेजारी उभी राहून ऐकायची. गणपतीत ये म्हणून सांग, असं शेवटी तिनेच मला सांगितलं. गणपतीला बारा दिवस होते आणि ती झोपेतच गेली.

दिगू आला, अग्नी दिला, सगळं नीट केलं. तेराव्याला जेवणं आटोपली, माणसं खळ्यात विड्याची पानं लावत होती. आम्ही दोघेच आत होतो. त्याने खिशातून आक्काची माळ काढली. उद्या गुरवाला सांगून ती गळ्यात घालणार होता, त्यासाठीच जपून ठेवली होती त्याने. मग फडताळातला तिचा प्याला त्याला दिसला. "मामा, आयेचो तो काढो आसा रे उरलेलो? एक घोट दी. तिची आठवण."

त्याने सोडली होती, हे मला ठाऊक होतं. नाही, संपला, म्हणायला काय जात होतं? पण नाही म्हटलं तर का म्हणून विचारेल, या भीतीने — ऐकतोयस ना, एवढ्याशा भीतीने — मी ओतला.

एकेकाळी पिणाऱ्या माणसाचं नाक ते. ओठांपर्यंत नेला आणि थांबला. खाली ठेवला. "मामा, ही दारू."

मी बाटलीला बूच लावत राहिलो.

"आयेक ठावक होता?"

काय सांगू तुला, किती वेळ होता माझ्याकडे! मी तिला फसवलं रे, असं म्हणायचं होतं. त्याने फार तर माझी गचांडी धरली असती. खळ्यातल्या माणसांसमोर माझी अब्रू गेली असती, बास. मी म्हटलं, "होय."

एक शब्द. बहीण मरून तेरा दिवस झाले होते, तिला उत्तर देता येणार नव्हतं, आणि मी तिच्या डोक्यावर तो ठेवला.

दिगू रडला नाही, भांडला नाही. त्याच्या मनात काय चाललं असेल, ते मला दिसत होतं — तो खळा, आईच्या हातातला प्याला, आणि तिचे शब्द. माळ त्याने प्याल्याशेजारी ठेवली आणि पिशवी घेऊन गेला. वर्षश्राद्धाला आला नाही. कावळ्याला पान मीच ठेवलं. कोण कोण सांगतात, आता पुन्हा पितो. कारखान्यातलं काम गेलं म्हणतात.

मी किनातो सोडला का? नाही. सोडला असता तर तुला सांगायला बरं दिसलं असतं. आजही जेवणानंतर घेतो आणि आजही आवडतो. माळ फडताळात आहे, तिच्या प्याल्याशेजारी. दिगूचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे.

आक्काला ठाऊक नव्हतं. हे तुला सांगितलं. दिगूला अजून सांगितलेलं नाही.