घडी घातलेलं उपरणं

लातूर-नांदेड एसटीत शेजारी बसलेला कार्यकर्ता गळ्यातलं पक्षाचं उपरणं सारखं नीट करत होता. क्लासची पोरं पुस्तकातून डोकं वर काढेनात, म्हणून त्यानं मलाच सुनावलं, "भूकंपात घर पडलं, पर आपली निष्ठा हलली न्हाई."

लोह्याजवळ त्याला फोन आला. आमच्या नव्या आमदारसाहेबांनी पक्ष बदलला होता. त्यांना मत दिलेल्या माझ्या बोटावरची शाई अजून गेली नव्हती. यानं "हाव साहेब" म्हणत उपरणं उतरवलं, पिशवीतून दुसऱ्या रंगाचं काढून घातलं आणि उतरवलेल्याची हळुवार घडी घातली.

"आता ते कशाला ठेवता?" मी विचारलं.

"साहेब परत येतेत की हिकडंच! निष्ठा म्हणून काही चीज हाय का न्हाई?"