फणसाच्या मुळांवरची भेंडी

आमचा फणस वादळात पडला, तरी त्याचं जेवण काही थांबलं नाही. हे मला भेंडी लावल्यावर कळलं.

फणस बाबांनी लावलेला. बाबा गेले आणि पाठोपाठ तोही आडवा झाला. खोड कापून नेलं, मुळं जमिनीतच राहिली. आई रोज मागच्या पायरीवर बसून त्या रिकाम्या जागेकडे बघत राहायची.

चतुर्थीला ताई मुंबईहून येणार होती. फोनवर म्हणाली, "बाबांच्या परसातली भेंडी खावशी वाटता रे!"

"मी लावतंय!" मी छाती पुढे काढली. (जन्म बँकेच्या खुर्चीत गेलेला!)

जागा निवडली ती नेमकी फणसाची. वर खत म्हणून गिरणीतला लाकडाचा भुसाही पसरला! भेंडी उगवली आणि पिवळी पडली. मी ताक शिंपडलं. आणखी पिवळी! मी आणखी भुसा घातला. मग तिने वाढणंच सोडलं!

"अरे, तिका हळद कित्याक लायलंस? लगीन आसा काय?" आईने विचारलं.

शेवटी कृषी खात्यातल्या ओळखीच्या बाईंना बोलावलं. त्यांनी माती उकरून बुरशी धरलेलं एक मूळ दाखवलं.

"अहो, लाकडी मुळं नि भुसा कुजवताना जिवाणू मातीतला नत्र स्वतःच ओढून घेतात. भेंडीला उरणार काय? सगळं पुरतं कुजलं, की तो हळूहळू मातीत परत येईल. पण वर्षं जातील. तोवर चवळी लावा, ती आपला नत्र हवेतून मिळवते. आणि पीक निघालं की तिची मुळं जमिनीतच राहू द्या. ती लवकर कुजतात, मातीलाच देऊन जातात."

बाई गेल्या आणि मी कुदळ उचलली. "मुळांच उपटून टाकतंय!"

आई पायरीवरून उठली. "हात लावू नको. तेंच्या झाडाचा खाली अजून कायतरी आसा मां? कुजांदेत सावकाश. माका घाई नाय."

मी कुदळ खाली ठेवली. मग मीही तिच्याशेजारी बसलो.

चतुर्थीला ताईच्या पानात माझ्या बागेतली झाडून सगळी भेंडी वाढली. म्हणजे एक. करंगळीएवढी! ताईने ती तोंडात टाकली, डोळे मिटले आणि चावत राहिली. बराच वेळ चावत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाबांची आठवण इली रे!"

माझाही ऊर भरून आला. "खरां?"

"तर! असली जून भेंडी तेंनी म्हशीकसुद्धा घातली नसती!"