दोन रिकामी बोटं

"ती मुलगी वाजवते, की नुसतीच गिटार धरून बसते?"

मुलाला न्यायला आलेल्या एका बाईंनी क्लासच्या दारात सरांना विचारलं. हळूच विचारलं, पण मुलुंडच्या त्या वन रूम किचनमध्ये हळू आवाजालाही लपायला जागा नव्हती. सर म्हणाले, वाजवते हो, रिदमला आहे. मी चपला शोधत असल्याचं दाखवलं.

बाईंचं फारसं चुकलं नव्हतं. माझ्या गिटारचा आवाज मी इतका कमी ठेवायचे की तो मलाही अंदाजानेच ऐकू यायचा.

क्लासच्या कार्यक्रमासाठी सरांनी स्वतःची एक धून बसवायला घेतली होती. आमचे सर कामं वाटून देत नाहीत. "लीड कोण घेतंय?" असं विचारतात आणि जो आधी बोलेल त्याचं लीड, म्हणजे मुख्य धून; बाकीच्या गिटारींनी मागे रिदमच्या कॉर्ड वाजवायच्या. मला ते हवं होतं, फार हवं होतं. पण वाक्याची सुरुवात 'सर'ने करावी की 'मी'ने, हे ठरवेपर्यंत इंजिनीअरिंगचा एक उंच मुलगा "मी" म्हणून मोकळा झाला. इंग्रजी शाळेत मराठीच्या तोंडी परीक्षेलाही माझं असंच व्हायचं. माझं वाक्य तयार होईपर्यंत बाई पुढच्या रोल नंबरवर गेलेल्या असायच्या.

ती धून मध्येच एका ठिकाणी पळते. जाड तारेवर एक सूर, लगेच मधल्या तारा ओलांडून पातळ तारेवर, की परत जाड. प्लेक्ट्रम म्हणजे अंगठा आणि तर्जनीत धरायची प्लास्टिकची चकती. ती एवढी ये-जा करेपर्यंत धून पुढे निघून गेलेली असते. उंच मुलगा दर वेळी तिथेच अडकायचा आणि गिटारकडे रागाने बघायचा.

घरी मी तो तुकडा वाजवून पाहिला. माझंही तेच झालं. मग एका व्हिडिओत उपाय सापडला. प्लेक्ट्रम जाड तारेपाशीच ठेवायचं आणि मधलं बोट व अनामिका यांनी पातळ तारा छेडायच्या. हाताने कुठे जायचंच नाही. इतकी वर्षं ही दोन बोटं हवेत नुसती उभी होती, याचा मला खरंच राग आला.

सराव मी अ‍ॅम्प न लावता करायचे. इलेक्ट्रिक गिटार अशी वाजवली तर शेजारच्या खोलीतही कळत नाही. लाजऱ्या माणसांसाठीच हे वाद्य बनवलं असावं. मधलं बोट पटकन शिकलं. अनामिका मात्र त्याचा हात सोडायला तयार नव्हती, लग्नाच्या हॉलमध्ये ताईच्या मागे मागे फिरणाऱ्या धाकटीसारखी. मग मी रिक्षाच्या दांड्यावर, उशीवर, ताटाच्या कडेवर बोटं चालवू लागले. बाबा म्हणाले, येतंय गं वरण, ताट कशाला वाजवतेस.

व्हिडिओतल्या माणसाची नखं लांब होती, म्हणून मीही त्या दोन बोटांची वाढवली. आईने कणीक मळायला सांगितली तेव्हा ते उघडकीला आलं. दोनच बोटांची का, असं तिने विचारलं. मी फॅशन आहे म्हणाले. तिला ते पटलं, हे जास्त लागलं.

शेवटच्या तालमीच्या दिवशी, शनिवारी सकाळी, अनामिकेचं नख तारेत अडकून अर्धवट तुटलं. नेलकटर शोधत होते तर आई म्हणाली, शनिवारी नखं कापायची नाहीत. आई बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. मी विचारलं, "तू मानतेस हे?"

"मानत नाही. पण मुद्दाम कशाला?"

यावर वाद घालता येत नाही. मी पूर्वी घालून पाहिला आहे.

तुटकं नख तारेला लागू नये म्हणून मी मनगट थोडं सपाट केलं आणि बोटाच्या नुसत्या मऊ टोकाने तार छेडली. तुकडा पहिल्यांदाच न अडखळता पळाला. परत वाजवला, परत पळाला. म्हणजे इतके दिवस नखच आडवं येत होतं. सूरही आता जरा जाडसर, गोल येत होता. मी दार लावून घेतलं आणि जेवायची हाक येईपर्यंत तेवढंच वाजवत बसले.

संध्याकाळी तालमीत उंच मुलगा नेहमीच्या जागी अडकला. परत सुरुवात केली, परत अडकला. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, थोडं स्लो घेऊ या ना. स्टेजवर माझी वाट लागेल."

सरांनी मान खाजवली आणि चालेल म्हणाले. ड्रमवाल्याने हळू ठेका धरला. ती धून, जी त्या एका जागी पळण्यासाठीच बांधली होती, जेवून शतपावलीला निघाल्यासारखी चालू लागली. ऐकता ऐकता माझी साधी कॉर्डसुद्धा चुकली. सगळे थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. सरांनी विचारलं, काय झालं गं?

वाक्य जुळवायला वेळच नव्हता. जे होतं तेच बाहेर आलं.

"सर, स्लो नको. तो तुकडा मी वाजवते."