बाजार सावरतो आहे, म्हणजे काय?

तेव्हा मी एका दैनिकाच्या घरांविषयीच्या पुरवणीत काम करायचो. पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञांचे इंग्रजी लेख यायचे, ते मराठीत आणणं माझ्याकडे होतं. दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष होतं. शहर मात्र चहूबाजूंनी वाढतच होतं, आणि त्या वाढीत पहिल्यांदाच फ्लॅट विकले जाईनासे झाले होते.

आमची पानं संगणकावर लावणारे एक ऑपरेटर होते, ते फुलंब्रीहून रोज बसनं यायचे. शेतकरी घरातले, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, तरी मला 'सर' म्हणायचे. एका दुपारी माझा मजकूर पानात बसवता बसवता ते थांबले.

"सर, बाजार सावरतोय असं लिवलंय तुम्ही. सावरतोय म्हंजी पडला व्हता का पडणारंय?"

मी हसलो. पण ते सहज विचारत नव्हते. पोरीचं कॉलेज सुरू होणार होतं. तिला रोज बसचे धक्के नकोत म्हणून त्यांनी शहरातच, गारखेड्यात एक फ्लॅट पाहून ठेवला होता. बिल्डरला आठवड्यात होकार कळवायचा होता.

"भाव उतरणार आहेत," मी ऐटीत म्हणालो. "तज्ज्ञ तसं उघड लिहीत नाहीत, ओळींच्या मधलं वाचायचं असतं. थांबा सहा महिने."

त्यांनी मान डोलावली. माझं मात्र कशात लक्ष लागेना. मूळ लेख चारदा वाचला. दरवेळी अर्थ वेगळा लागायचा. शेवटी मी त्या तज्ज्ञांनाच फोन लावला.

"भाव उतरतील असं मी कुठं म्हटलंय?" ते म्हणाले. "वाढतील असंही नाही म्हटलं. आत्ता कुणालाच सांगता येणार नाही. तुमच्या शहरात तर मी कधी आलेलोही नाही."

दुसऱ्या दिवशी ऑपरेटरांना सांगितलं, मला काही कळत नाही.

"मग काल कसं कळत व्हतं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

"चला, जाऊन बघू," मी म्हणालो.

जेवणाच्या सुट्टीत माझ्या स्कूटरवर आम्ही गारखेड्याला गेलो. इमारत नवी कोरी, पण बहुतेक खिडक्या बंद. जिन्याखाली प्लास्टिकचे ड्रम ओळीनं मांडलेले. तळमजल्यावरच्या बाई आम्हाला गिऱ्हाईक समजून बाहेर आल्या.

"घर लई चांगलंय," त्या म्हणाल्या. "पण बोअर आटलंय. टँकर आला तर पाणी. वरचे तिघं कुलूप लावून भाड्यानं दुसरीकडं राहायला गेले."

ऑपरेटरांनी एका ड्रमचं झाकण उचललं, आत पाहिलं, परत ठेवलं. मग आम्ही परतलो.

मला चैन पडेना. बाजार का थंडावला हे मी जिन्याखाली पाहिलं होतं, आणि लेखात पाण्याचा शब्दही नव्हता. मी शेजारी चौकट लिहिली: घर बघायला जाल तेव्हा पाण्याची चौकशी करा, राहणाऱ्यांना विचारा. संपादकांनी ती वाचली आणि काढायला सांगितली. पुरवणी बिल्डरांच्या जाहिरातींवर चालते, एवढंच म्हणाले. मी वाद घातला नाही. चौकट पानावरून उडवायचं काम ऑपरेटरांनाच करावं लागलं. तेव्हा मला त्यांच्या शेजारी उभं राहवेना. मी खाली जाऊन चहा घेतला.

त्यांनी फ्लॅट घेतला नाही. पुढं पाऊस बरा झाला, बोअरला पाणी आलं, बंद खिडक्या उघडल्या. भाव चढले ते त्यांच्या आवाक्याबाहेर. पोरगी तिन्ही वर्षं बापासोबत बसनं आली-गेली. सकाळी कधीकधी दोघं स्टँडकडून येताना दिसायची, ती पुढं, दप्तर पोटाशी धरून, हे मागं. मी रस्ता ओलांडून पलीकडं व्हायचो.

एकदा धीर करून विचारलं, "माझ्यामुळं राहिलं का हो घर?"

"तुमच्यामुळं कसं?" ते म्हणाले. "ड्रम मीच उघडून बघितला की." आणि पुढच्या पानाचा मजकूर मागून घेतला.

त्यांना खरंच तसं वाटत होतं, का ते फक्त माझं मन राखत होते, हे मला ठरवता आलं नाही. त्यानंतर वर्षभरात मी पुरवणी सोडून बातम्यांच्या टेबलावर बदली मागून घेतली.