घरी न्यायला कोण येणार?

हे लिहावं की नाही, असं बरेच दिवस वाटत होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सांगलीत बाबांचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. मला अमेरिकेत पाठवलं याचा त्यांना फार अभिमान होता. मला मुलगे आवडतात, हे मी आईला फोनवर सांगितलं, आणि त्यानंतर बाबांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. आई चोरून मेसेज करते, तोही जेवलास का एवढाच. आमच्या घरात दत्तगुरूंची भक्ती आहे, पण त्या दिवसांत माझे हात जोडले जात नव्हते. घरच्यांना नको असलेला मुलगा देवाला तरी कसा चालेल, असं मनात यायचं.

त्यातच हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला, की भूल दिल्यावर एकट्याला सोडत नाहीत, घरी न्यायला ओळखीचं माणूस हवं, टॅक्सीवाला चालणार नाही. माणूस नसेल तर ऑपरेशन कॅन्सल. कॉलेजला सुट्टी होती आणि रूममेट आपापल्या घरी गेले होते. कुणाला सांगावं ते सुचेना. शेवटी इथे कॅरी गावाजवळच्या देवळात जाऊन बसलो. दत्ताच्या मूर्तीसमोर एवढंच म्हणालो, "माझं इथे कुणी नाही."

तेवढ्यात मागून मराठीत हाक आली, "अरे, हे पातेलं धर रे जरा, सांडेल!" साठीच्या एक बाई प्रसादाचा शिरा घेऊन उभ्या होत्या. पातेलं खाली ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "चेहरा का असा?" काय झालं कुणास ठाऊक, मी ऑपरेशनचं सगळं सांगून टाकलं.

"एवढंच ना? आम्ही येतो. मला फ्रीवेची भीती वाटते, माझी बायको ड्राइव्ह करेल."

माझी बायको. एका मराठी बाईंनी, देवळात, हातात शिऱ्याचा डाव घेऊन हे म्हटलं, आणि पुढच्या माणसाला प्रसाद वाढायला वळल्या. मी तिथेच उभा राहिलो.

ऑपरेशनच्या दिवशी देवळातल्या त्या शुभामावशी आणि त्यांची बायको रोझा दोघी आल्या. नर्सने विचारलं, "फॅमिली?" रोझा म्हणाली, "ऑफ कोर्स," आणि माझी पिशवी खांद्याला लावली. मला त्यांनी स्वतःच्याच घरी नेलं. मावशीने मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या ओवाळून माझी दृष्ट काढली आणि सगळं तापल्या तव्यावर टाकलं. क्षणात घरभर ठसका, आणि स्मोक अलार्म किंचाळायला लागला. रोझा खुर्चीवर चढून टॉवेल हलवत ओरडली, "शुभा! आउटसाइड म्हटलं होतं मी!"

"बघ, केवढी दृष्ट होती," मावशी म्हणाल्या. "हसू नकोस रे, टाके दुखतील."

त्या घरात राहिलो तेव्हा कळलं, की रोझाचे भाऊ तिच्याशी बोलत नाहीत. मावशीची आई साताऱ्याहून आली तेव्हा रोझाच्या हातचं पाणीही घेत नसे. रोझा रोज पेला भरून तिच्या उशाशी ठेवायची आणि काही न बोलता जायची. शेवटच्या आजारपणात म्हातारी वेणी घालून घ्यायची ती फक्त रोझाकडूनच. हे सांगताना दोघींच्या आवाजात कडवटपणा नव्हता. नाकारलं गेल्यावरही दुसऱ्यासाठी जेवणाचं ताट मांडायचं बळ माणसात कुठून येतं, हे मी तिथे पाहत होतो. घर असंही उभं राहतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

बाबांचा फोन अजून आलेला नाही. त्यांचं मन वळव म्हणून मी देवाकडे हट्ट धरला होता, तो आता सोडला आहे. त्यांचं मन त्याच्याच हाती. आज सकाळी रोझाचा मेसेज आला, "सॅटर्डेला लवकर ये. मावशी म्हणते मेथी निवडायची आहे." मी देवापुढे हात जोडले. काही मागायचं आठवेना.